दोन गाड्यांचा उतार

मेंबरच्या डाव्या खांद्यावर कायम एक कासरा असायचा. बैल विकून त्यांना आठ-दहा वर्षं झाली होती, पेरणीपासून मळणीपर्यंत सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरवर चालायचं, पण बैलांचा तो दोर काही त्यांच्या खांद्यावरून उतरला नाही. त्याला दोन गाठी मारलेल्या होत्या. टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत एक बैलगाडी जाईल एवढी रुंदी, दुसऱ्या गाठीपर्यंत दोन गाड्या. मेंबर जगातली प्रत्येक गोष्ट या मापानं मोजत. लग्नाचा मांडव सहा गाड्या, शाळेचं फाटक एक गाडी. नगर पंचायतीची नवी इमारत झाली तेव्हा सगळे फरशीचं कौतुक करत होते आणि हे दाराच्या चौकटीला कासरा लावून उभे. मला म्हणाले, "पाऊन गाडी. मानूस जाईल आत, वावर नाही जाणार." वावर म्हणजे आमच्याकडे शेत. मी तेव्हा हसलो होतो.

ग्रामपंचायतीत ते तीन वेळा निवडून आले होते, म्हणून मेंबर. पुढे ग्रामपंचायत जाऊन नगर पंचायत आली, वॉर्डांचे प्रभाग झाले, निवडणूक त्यांनी लढवलीच नाही, तरी गावात मेंबर म्हटलं की तेच. मी ग्रामपंचायतीत लिपिक होतो आणि आजही त्याच टेबलावर आहे. बाहेरची पाटी बदलली, एवढंच. ते मला बाबू म्हणत आणि मी त्यांना मेंबर.

शेतकरी म्हणजे विकासाला आडवा येणारा माणूस, असं आमच्या कार्यालयात बदलून येणाऱ्या साहेबांना वाटतं. मेंबर तसे नव्हते. नगर पंचायत व्हावी म्हणून पहिली सही त्यांचीच. लोक घाबरले होते. कर वाढतील, रोजगार हमीची कामं बंद होतील, असं म्हणत होते, आणि पुढे ते खरंही झालं. मेंबर त्यांना समजावत की पोरं पुण्याला कंपनीत जाऊन राहतात, त्यांचा स्वतःचाही मुलगा तिकडेच आहे. इथे एखादी दालमिल आली, गोदाम आलं, चार दुकानं वाढली तर निदान एखादं पोरगं तरी घरची भाकर खाईल. "वावर बी राह्यलं पायजे अन् बजार बी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सभेत विषय कुठलाही असो, गटाराचा असो की दिव्यांचा, ते शेवटी तिथेच येत.

आमच्या गावातून मागच्या शेतांकडे एक पांदण, बैलगाडीची कच्ची वाट, जायची. पावसाळ्यात तिथली काळी माती अशी धरायची की माणसाची चप्पलही सोडायची नाही. कापून रचलेल्या सोयाबीनच्या सुड्या शेतातच भिजायच्या, थ्रेशर पोचायचं नाही. ही पांदण रुंद करायची असं मेंबरनी मनावर घेतलं. त्यासाठी मेंबर धरून दोन्ही बाजूंच्या एकवीस शेतकऱ्यांनी जमिनीची पट्टी सोडायला हवी होती, आणि आमच्याकडे धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, चार बोटांसाठी सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत. मेंबरची रीत अशी की ते कोणाच्या घरी जात नसत. दुपारी आपली भाकर घेऊन त्याच्या धुऱ्यावर जाऊन बसत. तो माणूस आपली भाकर घेऊन आला की दोघं एकमेकांच्या भाजीत हात घालत, आणि जेवण झाल्यावरच विषय निघे. पण त्याआधी त्यांनी स्वतःच्या शेतातली उभी तूर उपटून पट्टी मोकळी केली होती, कासरा टाकून. ती सगळ्यांना दिसत होती, त्यामुळे फार बोलावं लागत नसे. कागद कोणी मागितला नाही. मेंबरचा कासरा पडला म्हणजे झालं, अशी लोकांची समजूत होती.

एकटी इंझोरीवाली अडून बसली. ही मेंबरच्या शेताला लागून मागे असलेल्या शेताची मालकीण; पांदणीला तिच्या शेताचा एक चिंचोळा कोपरा तेवढा लागायचा. माहेर इंझोरीचं, नवरा गेल्यापासून स्वतः शेत करणारी, बोलायला फटकळ. मी त्या दिवशी मेंबरबरोबर होतो. तिनं भाकर खाल्ली, पाणी प्यायली आणि विचारलं, "भाऊ, रस्ता उच्चा झाला त म्या वावरात उतरू कुठून?"

एकवीस जणांत हा प्रश्न तिलाच सुचला. मेंबरनी कासऱ्याची दुसरी गाठ चिमटीत धरून तिला दाखवली. "हर वावराले दोन गाड्यांचा उतार. मायी जबान हाये." तिनं पट्टी दिली.

मग नगर पंचायत आली आणि जबानीवर चालेनासं झालं. रस्त्याला निधी मिळाला होता, त्यासाठी सगळ्यांची लेखी संमती हवी होती. छापील नमुना वरून आला. एकेकाचं नाव आणि गट नंबर भरायचं काम माझं. मेंबर समोर बसले आणि म्हणाले, खाली एक ओळ लिही, प्रत्येक शेतात उतरायला जागा ठेवावी म्हणून. मी साहेबांना विचारायला आत गेलो. मुख्याधिकारी म्हणाले, नमुन्यात फेरफार केला तर प्रस्ताव परत येईल, उतारांचं आपण सभेच्या ठरावात घेऊ. मी बाहेर येऊन मेंबरना तसंच सांगितलं. ते उठले, बाकीच्या वीस जणांना घेऊन आले आणि सगळ्यांचे अंगठे नि सह्या मिळवून दिल्या.

ठरावात उतारांची ओळ आली नाही. हे मला माहीत होतं, कारण सभेचं इतिवृत्त मीच टाइप केलं. त्या महिन्यात आम्हा जुन्या ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांना नगर पंचायतीत कायम करायचं की घरी पाठवायचं याची यादी साहेबांच्या टेबलावर होती. यादीत माझं नाव होतं. मी मूग गिळून बसलो. भित्रेपणाला मी आजवर पुष्कळ सभ्य नावं देऊन पाहिली, त्यातलं एकही टिकलं नाही.

रस्ता मात्र देखणा झाला. सिमेंटचा, कंबरेइतका उंच, दोन्ही बाजूंना पक्की नाली. उद्घाटनाला नारळ फुटला, भाषणं झाली, मेंबरना शाल दिली. अध्यक्ष म्हणाले की शेतकऱ्यांनी विकासासाठी कसा त्याग करावा हे या गावाकडून शिकावं. भाषणं संपल्यावर मेंबरनी शाल अंगावर तशीच ठेवून रस्त्यावर आडवा कासरा टाकला. चार गाड्या भरल्या. खूश झाले. मग ते आपल्या शेतासमोर गेले आणि काठावर उभं राहून खाली पाहू लागले. परत आले तेव्हा आवाज अगदी बारीक होता. "बाबू, उतार कुठी हाये?"

मी म्हणालो, दुसऱ्या टप्प्यात असेल. दुसरा टप्पा नव्हताच.

त्या पावसाळ्यात रस्त्यानं धरणाचं काम केलं. शेतांचं पाणी अडून राहिलं, सोयाबीन पिवळं पडलं. ज्यांनी जमीन दिली त्यांना त्याच रस्त्यावरून आपल्या शेतात उतरता येईना. बाया डोक्यावर खताची चुंगडी घेऊन नालीवर टाकलेल्या फळीवरून जायच्या. ट्रॅक्टर वर, शेत खाली. आणि रस्त्याच्या त्या टोकाला, जिथे कालपर्यंत कोणी फिरकत नव्हतं, तिथे प्लॉटांच्या लेआउटचे झेंडे लागले. बाजार आला होता, मेंबरनी बोलावल्याप्रमाणे.

मेंबर एकेका शेताच्या उतारासाठी अर्ज घेऊन येऊ लागले. अर्ज मी घ्यायचो, शिक्का मारायचो, ट्रेमध्ये ठेवायचो. अंदाजपत्रकात तरतूद नाही, पुढच्या सभेत पाहू, तांत्रिक मंजुरी लागेल, ही उत्तरंही मीच द्यायचो. लोक त्यांच्यावर चिडले होते. एकजण त्यांना चौकात म्हणाला की तुमच्या कासऱ्यानं आमचा गळा आवळला. इंझोरीवाली फक्त त्यांच्याशी बोलायची थांबली, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

शेवटी त्यांनी स्वतः दोन ट्रॉल्या मुरूम आणून उतार केला. स्वतःच्या शेतात नाही, इंझोरीवालीचा ट्रॅक्टर जिथून जाऊ शकेल त्या कोपऱ्यावर. नालीत पाइप टाकला, पाणी अडू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी अतिक्रमणाची नोटीस निघाली आणि चौथ्या दिवशी जेसीबीनं मुरूम उचलून नेला. नोटीस मी टाइप केली होती. मजकूर अचूक होता.

त्यानंतर ते एकदा भर दुपारी आले आणि सभेचं इतिवृत्त दाखव म्हणाले. मी रजिस्टर काढून दिलं. चष्मा लावून, बोट फिरवत, त्यांनी ते पान दोनदा वाचलं.

"यात त नाही."

"नाही."

"तुले मालूम होतं?"

"होतं."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "तुयी नौकरी पक्की झाली ना?"

"झाली."

"मंग ठीक हाये. एकाचं त काम झालं." आणि रजिस्टर नीट बंद करून त्यांनी माझ्याकडे सरकवलं.

पुढे दोनच महिन्यांत मेंबर शेत विकताहेत अशी बातमी आली. लेआउटवाल्या शेठला रस्त्याला लागून असलेली जागा हवीच होती. गावानं तोंड वाजवलं, वावर-वावर करणारा शेवटी विकून मोकळा झाला म्हणून. मीही मनात तेच म्हणालो, उगाच कशाला खोटं बोलू. खरेदीखताचा मसुदा घेऊन ते माझ्याकडे आले. म्हणाले, मोठ्यानं वाच, एकही ओळ गाळू नको. मी वाचत गेलो. सातवं कलम मी दोनदा वाचलं. मागच्या शेताच्या मालकिणीला या जमिनीतून कायमची वहिवाट राहील, आणि रस्त्यावरून खाली येण्यासाठी दोन बैलगाड्या शेजारून जातील इतक्या रुंदीचा उतार घेणारा स्वखर्चानं बांधून देईल, असं तिथे लिहिलेलं होतं. इंझोरीवालीला दिलेली जबान पाळायला त्यांनी वावर घालवलं होतं. शेठला ती अट जड गेली नाही. त्याला तसाही उतार हवा होता.

त्याच्या अर्जाला आमच्याकडून आठ दिवसांत परवानगी मिळाली. मेंबरचे अर्ज त्याच ट्रेमध्ये होते. मी ते बाजूला सारून शेठचा काढला.

उतार तयार झाला त्या सकाळी मेंबर पिशवी भरून आले होते. त्यांची बायको, आमच्या काकू, जाऊन बरीच वर्षं झाली होती, आता ते रिठदला मुलीकडे राहायला निघाले होते. उतारावर त्यांनी कासरा आडवा टाकला. दुसरी गाठ बरोबर काठाला लागली. तेवढ्यात इंझोरीवालीचा ट्रॅक्टर आला. ती ड्रायव्हरशेजारी चाकाच्या पत्र्यावर बसलेली होती. तिनं ट्रॅक्टर थांबवायला लावला, खाली उतरली आणि भाकरीचं गाठोडं मेंबरच्या पिशवीवर ठेवलं. "रस्त्यानं खा, भाऊ," म्हणाली आणि चालतच आपल्या वावराकडे गेली. बोलायला लागली होती, पण आता कशाला.

मालेगावच्या एसटीत त्यांना बसवायला मी गेलो. वाटेत वाशीमला त्यांना रिठदची गाडी धरायची होती. खिडकीतून त्यांनी कासरा माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "मेंबर, हे मला कशाला?"

"एकवीस वावरांतले दोन सुटले," ते म्हणाले. "मायं अन् तिचं. बाकी एकोनीस राह्यले, बाबू. ते तुयाकडं हायेत."

गाडी सुटली. कासरा माझ्या टेबलाच्या खणात आहे. एकोणीस अर्जही ट्रेमध्ये आहेत, प्रत्येकावर माझा शिक्का आहे, आणि माझी नोकरी पक्की आहे.