बिदाईच्या धूनमधली रिकामी जागा

आमच्या घरी पत्रकं गठ्ठ्यानं यायची. देऊळघाटला आमचं भाजीचं रान आहे. वडील सकाळी मेथी-पालकाच्या जुड्या बांधायचे आणि दुपारी पत्रकं वाटायचे. कधी हुंड्याविरुद्ध, कधी बुवाबाजीविरुद्ध, कधी विजेच्या वेळांविरुद्ध. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. तळाशी एक ओळ ठरलेली असायची, 'वाचून झाल्यावर दुसऱ्याला द्या', आणि तिच्याखाली पत्रक काढणाऱ्याचं नाव. नाव नसलेलं पत्रक वडील हातात धरत नसत. "लिहिणारा पळून गेला समजायचं," म्हणायचे.

या दोन गोष्टी माझ्यात इतक्या भिनल्या, की पुढे एका बँडच्या कॅसेटींच्या मागे लागले तेव्हाही त्याच घेऊन गेले.

बँड म्हणजे लग्नातला बँड. बीबी गावचा. लाल कोट, खांद्यावर पिवळी झालर, म्हणून सगळे त्यांना लाल कोटवालेच म्हणत. डीजे आला आणि तो बँड बसला. मी लहानपणी तो एकदाच प्रत्यक्ष ऐकला, मामाच्या लग्नात. वरातीत बायका मागे चालतात, त्यांच्यापर्यंत नुसता ढोल पोहोचतो. पोरं पुढे नाचतात, बँड त्यांचा असतो. बिदाईला मात्र बँड बायकांजवळ येऊन उभा राहतो. तेव्हा मी पहिल्यांदा क्लॅरिनेट जवळून ऐकलं. सूर चढत गेला, ढोल हळू झाला, आणि आता मुख्य चाल उचलणार तेवढ्यात सगळं थांबलं. पूर्ण शांत. दोन श्वास जातील एवढा वेळ. मग एकट्या क्लॅरिनेटनं चाल उचलली आणि मामी, तिची आई, तिच्या मावशा एकदम मोठ्यानं रडल्या. मीही रडले. मामी आमच्याच आजोळी येणार होती, मला तर आनंद व्हायला हवा होता.

ते दोन श्वास कुठून आले, हे मला जाणून घ्यायचं होतं. बाकी सगळं त्यातून झालं.

लाल कोटवाल्यांनी अकोल्याच्या एका छोट्या स्टुडिओत कॅसेटी भरल्या होत्या. वेष्टनावर मास्तरांचा फोटो, हातात क्लॅरिनेट. मास्तर म्हणजे बँडचे मालक. ते आता नाहीत. आम्ही साठेक जण या कॅसेटी शोधतो, मोबाइलवर घेतो आणि एकमेकांना पाठवतो. ग्रुप मी काढला. नियमही मीच घातला, 'ऐका आणि पुढे द्या. कापू नका, लपवू नका.' आमच्यात एसटीचे कंडक्टर आहेत, एक शाळेतले गुरुजी आहेत, बरेचसे शेतकरी आहेत. एकच धून निरनिराळ्या वेळी वाजवलेली असते, ती आम्ही बारीक खुणांवरून ओळखतो. एकीत कोणाच्या तरी हातून ढोलाची काडी पडते, एकीत शेवटी कोणी खाकरतो. "खाकरलेली आहे का तुमच्याकडे?" असं आम्ही विचारतो, आणि समोरच्याला बरोबर कळतं.

बिदाईतल्या त्या थांबण्यावर ग्रुपात रोज वाद. गुरुजींचं म्हणणं, नवरी उंबऱ्यात मागे वळून पाहते ती ही जागा. कंडक्टर म्हणायचे, "कायची नवरी गुरुजी, लाइट गेली असंन." मी लांबलचक लिहिलं होतं, की वाजवणाऱ्यांनी मालकाविरुद्ध केलेला हा दोन श्वासांचा संप आहे. त्यावर कंडक्टरांनी लिहिलं, "ताई, संप असता तर मागण्या ऐकू आल्या असत्या."

मग एका लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट हाती लागली. कॅसेटी निघण्याआधीचं लग्न. त्यात बिदाई होती, मास्तर होते, आणि थांबणं नव्हतंच! क्लॅरिनेट सरळ चढून चालीत गेलं. म्हणजे ती रिकामी जागा स्टुडिओत जन्मली होती. नंतर लोक तीच मागायला लागले म्हणून लग्नातही आली. त्या दिवशी स्टुडिओत काय झालं, हे ज्यात असेल अशी एकच टेप असल्याचं ऐकू येत होतं. ती धाड गावच्या एका शिंपीकाकांकडे होती आणि ते तिची नक्कल कोणालाच देत नव्हते.

माझा संताप झाला. एक माणूस सगळ्यांची गोष्ट पेटीत ठेवून बसतो म्हणजे काय?

धाडच्या बाजारच्या दिवशी जीपनं गेले. शिंपीकाकांचं दुकान बाजाराच्या कडेला. मशीनवर पायजम्याचं कापड, मागे फळीवर टेपरेकॉर्डर. मी कोण ते सांगितलं.

"अच्छा, पत्रकवाल्याची पोरगी!" चष्म्यावरून पाहत ते म्हणाले. "तुह्या बापानं मले एकदा हुंड्याचं पत्रक देल्लं व्हतं. अन् म्या तवा नवरदेवाचाच कोट शिवून राह्यलो व्हतो."

"काका, ती टेप."

"ऐक ना. बस. ऐकाले कोण नाही म्हनते? भरून घ्याले नाही."

"का पण?"

"मास्तरनं मले ऐकाले देल्ली. वाटाले नाही."

"ती काय तुमच्या मालकीची आहे?"

"टेप माही हाय, आवाज त्यायचा हाय. तू पयले ऐक, मंग भांड."

त्यांनी बटण दाबलं. मी ओढणीखाली मोबाइल चालू केला. तेव्हा मला ती चोरी वाटली नाही. पुढे देण्यासाठी घेतलेल्या गोष्टीला चोरी कसं म्हणायचं, असंच मनात होतं.

टेप ऐकता ऐकता काका समजावत होते. लग्नसराईचे दिवस होते, ऊन मी म्हणत होतं. स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकी बंद. पंख्याचा आवाज माइकात जातो म्हणून पंखाही बंद. आणि अशा खोलीत लाल कोटवाले लाल कोट घालून वाजवायला उभे राहिले! नवे कोट, जाड कापडाचे, गळ्यापर्यंत बटणं. तिथं त्यांना पाहणारं कोणीही नव्हतं.

"का घातले मग?"

"कोटाबिगर मास्तरचा सूर लागत नसे. म्हने, बँड हाय आपला, बनियनवर वाजवाले का भजनी मंडळ हाय?" काका हसले. "अन् एक कोट माह्या हातून राह्यला व्हता. जीपमंदी शिवत गेलो, तरी एक बाही बाकी. त्यायचा दुसरा क्लॅरिनेटवाला, तो एकटाच साध्या शर्टात."

टेपवर बिदाई सुरू झाली. मध्येच क्लॅरिनेट किंचाळलं आणि काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. मग गलका. 'मास्तर! मास्तर!' 'पंखा लाव बे!' 'अरे, माइक चालू हाय!' 'मसणात गेला माइक, पंखा लाव!' 'बटनं काढा त्यायची.' आणि एक दमलेला आवाज, 'पाणी... पाणी द्या रे.' तीनदा. मग बराच वेळ नुसतं पंख्याचं घरघरणं. त्यानंतर तोच आवाज, अगदी बारीक, 'तू वाजव. टेम नाही आपल्यापाशी.' पंखा पुन्हा बंद झाला आणि बिदाई पहिल्यापासून सुरू झाली. सूर चढला. दोन श्वास शांत. मग चाल.

हीच ती कॅसेटीवरची बिदाई होती. ती मास्तरांनी वाजवलेलीच नव्हती. कोट न मिळालेल्या माणसानं वाजवली होती.

परतताना जीपमध्ये मला स्वस्थ बसवेना. वेष्टनावर फोटो एकाचा आणि सूर दुसऱ्याचा! इतकी वर्षं आम्ही चुकीच्या माणसाला दाद देत होतो. घरी आल्याबरोबर ग्रुपवर टाकायला बसले. वडील कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते, त्यांना आधी ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच विचारलं, "वाजवणारा हयात आहे?"

"आहे. बीबीला. काका म्हणाले."

"मग नाव त्याचं आहे. त्याला विचार."

दुसऱ्या दिवशी मेहकरला बस बदलून बीबीला गेले. खरं सांगायचं तर मी विचारायला नव्हते गेले, आनंदाची बातमी द्यायला गेले होते.

ते अंगणात, छपराखाली कांद्याचे वाळलेले गोंडे चोळून बी काढत बसले होते. बारीक अंगाचे म्हातारे बाबा, दोन्ही हात काळ्या बियांनी भरलेले.

"देऊळघाटहून आली? एवढ्या उन्हात? कोणासाठी व माय?"

"तुमच्यासाठी."

"मी काय पुढारी हाव का?" त्यांनी आत हाक दिली, "च्या ठेव व, पाव्हणी आली." आतून आजींचा आवाज आला, "ठेवला! तुमी बी सांडू नका."

मी मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला आणि टेप लावली. ती त्यांनी कधीच ऐकली नव्हती. धपकन पडल्याचा आवाज आला तसे त्यांचे हात थांबले. पाणी मागणारा आवाज आला तेव्हा त्यांनी मान खाली घातली. मग बिदाई. सूर चढला, शांतता आली, आणि ते स्वतःशीच हसले.

"बाबा, ही थांबायची जागा," मी घाईनं विचारलं, "ती तुम्हाला कशी सुचली?"

"सुचली?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ते मास्तरची जागा व्हती, पोरी. चाल नेहमी तेच उचलत. माहं काम व्हतं सूर चढवून जागा सोडाचं. सोडली म्या. डोये मिटून वाट पाहून राह्यलो, का आता मास्तर घेतीन. मंग ध्यानात आलं, ते तं पडेल हायेत बाकावर."

नवरी वळून पाहते, लाइट जाते, संप होतो, सगळं आम्ही त्यात पाहिलं होतं. होती ती नुसती सवय.

"कॅसेट चालली तशी लोकं लग्नात म्हनत, थांबून वाजवा. मंग मास्तरलेई थांबा लागे." बाबा पुन्हा हसले. "थांबले का माह्याकडे पाहत. डोयानंच हसत."

मी म्हणाले, "बाबा, मी हे सगळ्यांना पाठवणार आहे. आता सगळ्यांना कळेल की ती धून तुमची."

त्यांचा चेहरा बदलला. "शिंप्यानं देल्ली तुले हे?"

"नाही. मी त्यांना न सांगता भरून घेतली."

"मंग चोरून आणली म्हन ना."

"चोरून नाही! लपवलेलं बाहेर काढलं. तुमच्यावर अन्याय झालाय बाबा. काम तुमचं आणि नाव त्यांचं, हे चालू द्यायचं?"

"मास्तर तिथं पानी मांगून राह्यले. ऐकलं ना तू? तीनदा. ते लोकायच्या मोबाइलमंदी फिरवशीन? पोट्टे ते वाजवून हासतीन." त्यांनी बियांवरचा भुसा फुंकला. "मास्तरले पाडून माहं नाव उभं राहत असंन, तं मले ते नाही लागत."

"मग लोक खोटंच ऐकत राहणार?" माझा आवाज चढला. "आमच्या घरी नाव नसलेला कागद घेत नाहीत. चुकीचं नाव असलेला तर त्याहून नाही."

आजी चहा घेऊन आल्या, दोघांकडे पाहिलं आणि कप ठेवून तिथेच बसल्या. बाबांनी चहा बशीत ओतला. फुंकून प्यायला लागले. मला वाटलं, संपलं. यांचं नाव यांच्या अंगणाबाहेर जाणार नाही आणि माझ्याकडे सगळा पुरावा असून काही करता येणार नाही. पाठवायचं बटण माझ्या अंगठ्याखालीच होतं. ते दाबायला त्यांच्या परवानगीची गरज नव्हती. तेव्हाच मला कळलं, की ही गरज नसणं हीच चूक आहे. पत्रकाखालचं नाव माणूस स्वतः देतो. ते त्याच्यावर कोणी लादत नाही.

"तुले नाव पाह्यजे ना?" बाबा बशी ठेवत म्हणाले. "मंग टेप कायले पाह्यजे? मले तोंड नाही का? म्याच सांगतो. मास्तरची तब्येत बरी नव्हती, धून म्या वाजवली. झालं. तुह्या त्या मोबाइलमंदी बोलता येते ना?"

"येतं."

आजी म्हणाल्या, "इतकी वर्सं झाली. मले तरी कुठं सांगितलं व्हतं?"

"तू कवा इचारलं?"

"तुमी बिदाई लागली का उठून जात. मले वाटे, बिदाई आवडत नाही तुमाले."

बाबांनी माझ्या मोबाइलकडे बोट दाखवलं. मला म्हणाले, "पयले ते पुस."

मी टेपची फाईल उघडली. आमच्यापैकी कोणाच्याही हाती लागलं नव्हतं ते माझ्याकडे होतं. साठ जणांतल्या प्रत्येकानं त्यासाठी दहादा धाडच्या चकरा मारल्या असत्या. मी ती पुसली. मग बाबांना पडदा दाखवला. त्यांना वाचता येत होतं की नाही, माहीत नाही, पण त्यांनी नीट पाहिलं. ती टेप आता पुन्हा एकट्या शिंपीकाकांकडे, फळीवर. ज्याला ऐकायची असेल त्यानं धाडला जाऊन त्यांच्यासमोर बसावं. काकांची माफी मागायला मलाही जावं लागणार होतं.

"हं, लावू चालू?" मी विचारलं.

"थांब." बाबा उठून आत गेले. ट्रंक सरकल्याचा आवाज आला. बाहेर आले ते लाल कोट घालूनच. झालर काळी पडलेली, कोट खांद्यांवरून लोंबत होता. दोन्ही बाह्या होत्या, त्यातल्या एकीची शिवण जरा वेगळ्या दोऱ्याची. गळ्यापर्यंतची बटणं ते एकेक करून लावत होते.

"अहो, कोणाले दिसनार हाय तो?" आजी म्हणाल्या. "आवाज जाते फक्त."

"दिसो का न दिसो," बाबा म्हणाले आणि खुर्चीत ताठ बसले.

छपराला टांगलेला पंखा कुरकुरत होता. त्याचा आवाज बोलण्यात आला असता. मी उठून पंखा बंद केला, पाण्याचा तांब्या भरून त्यांच्या हाताशी ठेवला आणि मगच मोबाइल चालू केला.