माझ्या पायाच्या मापाचा ब्रेक

माकणीच्या वाटेवर फोन वाजला. ब्रेक दाबून मोटारसायकल कडेला घेतली, आणि भावजी गेल्याचं कळलं. धाकटा दीर माझा. लोहाऱ्यात गाड्या दुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं. नुसती उभी राहिले... पायाखालचा तो ब्रेक त्यांनीच माझ्या मापानं लावून दिलेला.

आमचे हे गेले आणि रान माझ्या अंगावर आलं. जीप भरेपर्यंत बसून राहायचा मला लई कंटाळा. ह्यांची गाडी दारात उभीच होती. बावन्नाव्या वर्षी शिकले. पण लहानपणी उजवा घोटा मोडलेला, पंजा वर उचलत नाही. मागच्या ब्रेकचं पायडल उंच, पाय पोचेपर्यंत गाडी पुढं. लोक म्हणाले, "ह्या वयात हातपाय मोडून घ्यायचेत का?" भावजी म्हणाले, "वहिनी, पाय काय बदलता येत न्हाय. पायडल येतं."

मी आपली लग्नाकार्यातली टाचेची सँडल घालून दुकानात गेले. हसले ते. "वरातीला निघालात का? रानात जाताना जे घालता ते घालून या." दुसऱ्या दिवशी झिजकी चप्पल घालून गेले. मला गाडीवर बसवलं, स्वतः मातीत आडवे झाले. बोल्ट फिरवायचे, विचारायचे, "आता?" मी म्हणायचे, "अजून उलिसं खाली." ताटकळलेलं एक गिऱ्हाईक बोललं, "मिस्त्री, कंपनीनं काय येड्यागत उंची ठरवली का?" भावजी पडल्या पडल्या म्हणाले, "कंपनीनं आमच्या वहिनीचा पाय बघितलाय व्हय?"

तेराव्यानंतर मुलानं गाडी दुसरीकडं सर्व्हिसिंगला दिली. विकायची होती त्याला. तिथल्या मिस्त्रीनं पायडल उचलून पुन्हा कंपनीच्या उंचीवर नेलं. मुलगा म्हणाला, "आई, काका न्हाईत आता. कोण बघणार तुझी गाडी? दे सोडून."

मी उठले, जावेकडनं भावजींचा पाना आणला. बोल्ट फिरवून पायडल खाली घेतलं, तर मागचं चाक जाम! रडू आलं, रागाचं. मग आठवलं... पायडल खाली गेलं की सळई ओढली जाते, ब्रेक लागून बसतो. म्हणून ते शेवटी मागं जाऊन चाकापाशी नट सैल करायचे. केला सैल. चाक हातानं फिरवलं, घासलं नाही. पायडल दाबलं, थांबलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा थांबवलं. उगीच, धा येळा.

मुलगा दारातनं बघत होता. "विकायची न्हाय का मग?"

"न्हाय. लोहाऱ्याला जायचं असलं तर बस मागं, सोडते."

बसला गुमान.

पाना माझ्याकडंच आहे. जाऊ म्हणाली, "ठेवा तुमच्यापाशी, दुकानात कोण धरणार तो?" हात सटकू नये म्हणून भावजींनी त्याला सुतळी गुंडाळलेली, काळी, तेलकट. सून म्हणते, धुऊन ठेवते. मी हात लावू देत नाही.