भाऊ सुटला

इस्पितळाच्या वॉर्डातल्या आया ‘मेला’ हा शब्द उच्चारत नसत. कोपऱ्यातल्या खाटेवरचे एखादे आजोबा गेले की एकमेकींना हळूच सांगायच्या, “आजोबा सुटले,” आणि चादर बदलायला घ्यायच्या. सगळे जिला मावशी म्हणत, तिच्या तोंडात तर हा ‘सुटला’ पक्का बसला होता.

मावशीचा धाकटा भाऊ तुरुंगात होता. आईवडिलांमागे तिनेच वाढवलेलं पोर. भांडणात कुणाचं तरी डोकं फोडलं आणि आयुष्याचं मातेरं करून घेतलं. त्यात छातीचं दुखणं जडलं. भेटीला गेली की जाळीपलीकडे नुसता हाडांचा सापळा दिसायचा. परत यायला तिचा पाय निघत नसे.

एका दुपारी ती बेडपॅन धूत असताना फोन वाजला. भावाबरोबर शिक्षा भोगून आलेला मेकॅनिक, गॅरेजच्या ठोकाठोकीत ओरडत होता, “ताई, तुमचा भाऊ सुटला!”

तिने हातातलं बेडपॅन खाली ठेवलं. “सुटला? बरं झालं रे बाबा,” एवढंच म्हणाली. आणि फोन बंद केला.

सिस्टरने तिला घरी धाडलं. शेजारणी जमल्या. रडून रडून तिचे डोळे सुजले. आणि तिन्हीसांजेला दारात भाऊ उभा, काखेत पिशवी! दुखण्यामुळे कोर्टाने शिक्षा कमी केली होती.

ती त्याच्या गळ्यात पडली. सगळा घोटाळा कळल्यावर तो खोकेपर्यंत हसला. “जिवंतपणीच पोचवलंस की गं मला!”

शेजारणी गेल्या. जेवताना तो सहज म्हणाला, “मेकॅनिक सांगत होता, ताईला फार आनंद झाला. ‘बरं झालं’ म्हणाली.”

तिचा वाढता हात थांबला. त्याचाही घास थांबला.

“तुझे हाल बघवत नव्हते रे,” ती म्हणाली.

“खरंय. मलाही कधी कधी तसंच वाटायचं.” तो ताटाकडे बघत राहिला. “पण तुला वाटायला नको होतं, ताई.”

चारदोन दिवसांनी तो मेकॅनिककडे राहायला गेला. भांडण नाही, तंटा नाही. सुट्टीच्या दिवशी येतो, दाराजवळच्या स्टुलावर बसतो, तिच्या गुडघेदुखीची चौकशी करतो.

“ताई, पाणी घेऊ का?”

“विचारतोस काय? घर तुझंच आहे ना!”

तो मान डोलावतो. पुढच्या खेपेला पुन्हा विचारतो.