नाव नसलेला नंबर

चहा गार होऊ देऊ नका, गोष्ट जरा लांबणारी आहे. शिवाय ती दुसऱ्या कुणाकडून कानावर येण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेली बरी. भिगवणच्या मासळीबाजारापर्यंत ती पोचलीय, आणि तिथं तिला इतका मसाला लागलाय की आता माझी मलाच ओळखू येत नाही.

गाढवपणा माझाच झाला. हे आधीच कबूल करते, म्हणजे शेवटी धक्का बसायला नको.

मी मूळची जळोचीची. जळोची म्हणजे बारामतीच. निदान आम्ही जळोचीवाले तसं सांगतो. लग्न करून डाळजला आले. लग्न मुहूर्त बघून नाही, रविवार बघून झालं, कारण नवरा, म्हणजे प्रशांत, बारामतीला कंपनीत कामाला आणि त्याला सुट्टी तेवढीच. घरात सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, आणि सासूबाई, ज्यांना आमच्याकडच्या रिवाजानं मी आत्या म्हणते.

घरात मी कमी बोलायचे. किती कमी? आबांनी एकदा आत्यांना हळूच विचारलं होतं, "पोरीला बोलता येतं न्हवं?"

"येतं की! बघाया गेलो तवा नाव सांगितलं हुतं तिनं."

"त्यानंतर?"

आत्या विचारात पडल्या.

दिवसा बोलत नाही म्हणूनच की काय, मला स्वप्नं फार पडतात. साधीसुधी नव्हेत. रंगीत, आवाजासकट, कालवणात मीठ किती ते कळावं इतकी खरी. एकदा मी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत गेले, तर परीक्षकाच्या खुर्चीत आमची म्हैस! तिनं मला पहिल्याच फेरीत बाद केलं. सकाळी वैरण टाकताना मी तिच्याशी जरा तुटकच वागले.

तर त्या आठवड्यात घरात एकच विषय होता. तोड. ऊस तोडणाऱ्यांची टोळी शेजारच्या रानापर्यंत आली होती आणि एक-दोन दिवसांत आमचा नंबर होता. ऊस वेळेवर कारखान्याला गेला की आबांची वर्षाची काळजी मिटणार. मुकादमाची अट एकच, रान कोरडं पाहिजे. ओल्या रानात ट्रॅक्टर रुततो, मग टोळी सरळ पुढच्या शेतकऱ्याकडं निघून जाते, आणि परत कधी फिरकेल ते तिचं तिलाही ठाऊक नसतं. त्यामुळं आबा दिवसातून कितीदा तरी उसात जाऊन टाचेनं माती उकरून बघायचे. एखाद्या पाहुण्याला उसाकडं तोंड करून चूळ भरू देत नव्हते, एवढी सक्ती!

आता इथं फोन येतो.

माझं नेट संपलेलं. आईशी बोलायला प्रशांतनं त्याचा फोन दिला आणि तो अंघोळीला गेला. मी कुणाचा फोन चाळणारी नाही हो. आईचा नंबर शोधायला म्हणून कॉलची यादी उघडली, तर एक नंबर. नाव नाही, नुसता नंबर. रोज सकाळी आहे, रोज संध्याकाळी आहे, मधेच भर दुपारी, कंपनीत असताना आहे. आणि बोलणं? शून्य सेकंद!

दोन माणसं रोज फोन लावतात आणि एक शब्द बोलत नाहीत, याचा अर्थ काय? संध्याकाळची मालिका बघणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. ती भाजी निवडता निवडता सांगेल. खूण! 'मी निघालो', 'मी पोचले', अशी खूण!

त्यालाच विचारता आलं असतं. शहाण्या बाईनं विचारलं असतं. पण त्यासाठी तोंड उघडावं लागतं. मी नंबर पाठ करून घेतला आणि कोणाचा नंबर ते सांगणाऱ्या ॲपमध्ये टाकला. ॲप म्हणालं, 'महाराष्ट्र'. तेवढं मलाही कळत होतं. अमेरिकेतली बाई डाळजच्या माणसाला मिस कॉल कशाला देईल?

पहाटे स्वप्न पडलं. आमचाच ऊस. उसात गुडघाभर पाणी. पाण्यात प्लास्टिकची खुर्ची टाकून एक बाई बसलेली, जांभळी साडी, मालिकेतल्या कपटी जावेसारखी ही एवढी नथ, मांडीवर फोन. आणि प्रशांत तिला चिलापी मासा तळून वाढतोय! गरम गरम! मला हा माणूस सांगतो, गॅस कसा पेटवतात ते माहीत नाही. खरं सांगते, बाईचं मला तेवढं काही वाटलं नाही. चिलापीचं वाटलं.

सकाळी भाकरी थापताना मी आत्यांना अर्धंच स्वप्न सांगितलं. "आत्या, उसात पाणी दिसलं."

"गप गं!" आत्यांनी भाकरी तव्यावर टाकायची थांबवली. "तोड आलीया दारात आन पाणी बघतीया! आबाला सांगू नगंस. पहाटंचं सपान खरं व्हतं म्हणत्यात."

झालं. खरं होतं म्हणे.

प्रशांत कंपनीत गेला, आबा टोळीच्या चहासाखरेचं बघायला भिगवणला गेले, आत्या बचत गटाच्या बैठकीला. घरात मी आणि माझा फोन. नेट भरलेलं. फोनमध्ये ते सगळं जाणणारं ॲप आहे ना, काहीही विचारा, उत्तर देतं? त्याला विचारलं, स्वप्नात पाणी आणि बाई दिसली, अर्थ काय?

ते म्हणालं, "स्वप्नातील पाणी हे दडपलेल्या भावनांचे प्रतीक असू शकते. संबंधित व्यक्तीशी थेट व प्रामाणिक संवाद साधा."

संबंधित व्यक्ती कोण, ते काही त्यानं सांगितलं नाही. मला वाटलं, बाई. मी नंबर लावला.

एक रिंग. कट.

पुन्हा लावला. एक रिंग. कट. माझी खात्री पटत चालली. प्रशांतशी शून्य सेकंद, माझ्याशीही शून्य सेकंद. बाई तत्त्वाची होती!

मी लावत राहिले, ती कापत राहिली. शेवटी पुन्हा ॲपकडं गेले, की बाई बोलतच नाही. ते लगेच म्हणालं, "मी एक सौम्य संदेश तयार करून देऊ का?" किती ती माया! आणि त्यानं लिहूनही दिला. 'आदरणीय ताई, मी आपल्याशी कोणत्याही कटुतेशिवाय संवाद साधू इच्छिते. आपल्याही भावना महत्त्वाच्या आहेत.' मला भावनांचं तेवढं पटलं नाही, पण भाषा फार छान होती. पाठवला. उत्तर नाही. मग सणकून राग आला, आणि एक शेवटचा फोन लावला. एक रिंग, कट. बस म्हटलं, आता तिला कळलं असेल. मी गहू निवडायला बसले. मन अगदी शांत होतं. संवाद साधून झाला होता ना!

आत्या आल्या. त्यांच्या मागोमाग, ऊन डोक्यावर आलं असताना, आबांची गाडी अंगणात शिरली. आबा उतरलेसुद्धा नाहीत, ओरडायला लागले.

"काठी कुठाय माझी? आगं काठी!"

"आवं काय झालं?" आत्या धावल्या.

"बांध फोडला! उसात पाणी सोडलं! घोट्याएवढं पाणी हाय, घोट्याएवढं! आन त्यो तात्या फावडं घिऊन बांधावर हुबा! ह्या डोळ्यांनी बघितला!"

तात्या म्हणजे आबांचे चुलतभाऊ. दोघांच्या रानामधे एक बांध, आणि त्या बांधावरून माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीपासून धुसफूस. बोलणं होतं, पण मोजून मापून.

"भावकी ती भावकीच!" आबा काठी शोधता शोधता फोन लावत होते. "उद्या तोड हाय म्हणून आज डाव साधला. टोळी जाणार आता. पार हातची गेली!" प्रशांतचा फोन लागला. आबांना ऐकू कमी येतं म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. "पर्शा, हाय तसा निघून ये! तात्यानं पाणी सोडलं उसात!"

"आवं आबा, पण पाणी आलंच कुठनं?" प्रशांतचा आवाज घरभर झाला. "मक्याचं पाणी कालच संपलं. मोटार बंद हाय. मी आज एकदा बी फोन केला न्हाय तिला."

माझ्या हातातलं सूप थांबलं.

"मोटारीला फोन करतात?" मी विचारलं.

लग्न झाल्यापासून आबांसमोर मी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. आबा काठी विसरून माझ्याकडं बघायला लागले.

"मग?" फोनमधून प्रशांत म्हणाला. "स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड हाय. मिस कॉल दिला की मोटार चालू, परत दिला की बंद. रोज कंपनीतनं मी काय चालत येतो का विहिरीवर?"

मी मनात फोन मोजायला लागले. चालू, बंद, चालू, बंद... आणि तो शेवटचा, रागाचा.

तेवढ्यात दारात तात्या. मांडीपर्यंत चिखल, हातात तेच फावडं. "आबा, मोटार बंद करा आधी! पाणी धराया कुणी न्हाय, तुमचा मका तुंबला, आन बांधावरनं तुमच्या उसात पडाय लागलं. कवाधरनं एकटा वळवतोय, कंबार मोडली माझी. पेटीला कुलूप घालून कुठं गावाला गेला हुता का काय?"

आबांच्या हातातली काठी त्यांनाच जड झाली.

मी उठले. पदराआडून फोन काढला, सगळ्यांसमोर तोच नंबर लावला. एक रिंग. कट.

"झाली बंद," मी म्हणाले. दुसरं वाक्य.

"म्हंजी चालू बी तूच..." आत्यांनी कपाळाला हात लावला.

"पण तिच्या फोनवरनं व्हती कशी?" आबांनी विचारलं. "त्या पेटीत आधी नंबर घालावं लागत्यात!"

"मीच घातलाय," फोनमधून प्रशांत ओशाळून म्हणाला. "पाचच नंबर बसत्यात. एक मोकळा हुता. म्हटलं, घरातलं माणूस झाली आता. सांगायचं राहून गेलं."

"आन माझा?" आत्या फोनकडं वळल्या. "ह्या घरात केस पिकलं माझं! माझा नंबर हाय का त्या पेटीत?"

प्रशांतनं फोन ठेवला. कंपनीत साहेब आला असावा.

आता मुकादम. त्याला पाण्याची बातमी लागलीच होती. तो रान बघून आला आणि मान हलवत म्हणाला, "वाटंकडची बाजू गेली, आबा. तिकडनं ट्रॅक्टर निघायचा न्हाय. वरली बाजू कोरडी हाय. वरनं तोडू, पण गाडी तात्याच्या रानातनं काढावी लागंल. तात्या म्हणत असतील तर उद्या कोयता लागंल. न्हायतर आमी निघालो."

सगळे तात्यांकडं बघायला लागले. आबा सोडून; आबा काठीकडं बघत होते. जो माणूस सकाळपासून आमचा ऊस वाचवत होता, त्याच्यावर धावून जायला ती काठी निघाली होती.

तात्यांनी फावडं भिंतीला टेकवलं, ऐसपैस बसले. "वाट देतो. का न्हाय देणार? पण एक अट हाय."

आबांचा चेहरा पडला. बांधाचंच काढणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

"सूनबाईनं सांगावं," तात्या म्हणाले, "ह्यो फोन केला कशापायी?"

बघा आता! चालून आलेली तोड, आबांचं वर्ष, सगळं माझ्या तोंडावर येऊन थांबलं. आणि तोंड तर मी वापरतच नव्हते. आबा पहिल्यांदाच माझ्याकडं विनवणीच्या नजरेनं बघत होते. मग काय, सांगितलं. यादी सांगितली, शून्य सेकंद सांगितले, खूण सांगितली. खुर्ची, नथ, जांभळी साडी. घसा कोरडा पडला तरी सांगत राहिले. चिलापीपाशी आले तेव्हा मुकादमानं तोंडाला गमजा लावला.

सगळ्यात आधी उमगलं ते आत्यांना. "आगं बया! मोटारीला सवत समजली ही!"

तात्या असे हसले की भिंतीचं फावडं खाली पडलं. "आबा, तुमची जुनी मोटार हो! दर उन्हाळ्याला जळती, दर उन्हाळ्याला वायंडिंग भरून आणता. काय रूप बघितलं ग तिच्यात पोरी?" आणि आबा? आबाही हसले. काठी हळूच दाराआड सरकवून हसले. तात्यांना आमच्याकडं चहा झाला, चहावर जेवण झालं. वाट मिळाली. दुसऱ्या दिवशी वरच्या बाजूनं कोयता लागला, आणि भरलेला ट्रॅक्टर तात्यांच्या रानातून निघताना तात्या पुढं चालत होते, वरातीच्या पुढं चालावं तसे.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण पाणी सुटलं त्याच दिवशी संध्याकाळी प्रशांतनं पेटीतलं सिमकार्ड काढून स्वतःच्या फोनमध्ये घातलं, आणि जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. "आदरणीय ताई... आपल्याही भावना महत्त्वाच्या आहेत." आबांचा घास अडकला. आत्यांनी मात्र गंभीरपणे विचारलं, "मोटार वाचती व्हय?"

मी मान खाली घालून जेवत होते. नवऱ्यावर संशय घेतल्याचा राग तो धरेल असं वाटलं होतं. त्याचं भलतंच निघालं. "म्हणजे तुला वाटलं मला बाई पटवता येईल?" तो म्हणाला. आवाजात जराशी ऐटच होती.

जेवणं झाल्यावर आबांनी त्याला पेटी घेऊन बसवलं. पाच नंबरांतला एक खोडला, त्या जागी आत्यांचा घातला. आता आत्या मालिकेच्या जाहिरातीत मोटार चालू करतात आणि पुढच्या जाहिरातीत बंद करतात. थेंबभर पाणी वाया जात नाही.

मला विचाराल तर, रेशनकार्डावर माझं नाव अजून चढायचं आहे. मोटारीवरून तेवढं रीतसर उतरलं.