झाकण लागेपर्यंत

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होते. तिथली शिस्त एकच: झाकण लावल्याशिवाय यंत्र सुरू करायचं नाही. पुढे एक्स्चेंज बंद पडलं, भाऊजी निवृत्त झाले, पण सुंभ जळाला तरी पीळ काही गेला नाही. घरचा मिक्सर दुरुस्त केला तरी शेवटचा स्क्रू बसेपर्यंत ते कुणाला बटणाला हात लावू देत नसत. माघारी मी त्यांना 'झाकणराव' म्हणायचे. ताईसुद्धा हसायची.

तिची नजर अधू होत चालली होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की हे थांबणारं नाही, डोळे भरून जे बघायचं ते आताच बघून घ्या. तिला एवढंच बघायचं होतं, परदेशातल्या लेकीची मुलगी. नात तिकडेच जन्मली, इकडे येणं अजून जमलं नव्हतं. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर ताईला नुसता डाग दिसायचा. आतल्या खोलीतल्या मोठ्या टीव्हीवर चेहरा दिसला असता, पण इंटरनेटवाल्यांचा राउटर पुढच्या खोलीतच धाप टाकायचा. मी म्हटलं, चांगला विकत आणते. भाऊजी म्हणाले, मी घरीच करतो, तोही निम्म्या खर्चात.

आणि खरंच केला. एका जुन्या कॉम्प्युटरचा बोर्ड घेतला, त्याला जादा केबल जोडायचं कार्ड बसवलं, आणि टेबलावर उघडाच मांडून चालवून दाखवला. टीव्हीवर कुठल्याशा बागेचं चित्र आलं, स्वच्छ, न अडकता. ताई पडद्याला नाक लावून फुलं बघत होती.

"चालतंय ना? मग राहू दे असंच," ती म्हणाली. "आजच लावू तिकडे फोन."

"उघडं यंत्र चालू ठेवायचं नाही. आधी पेटी," असं म्हणून भाऊजींनी वायर काढली.

घोडं अडलं ते पेटीपाशी. पॅसेजच्या भिंतीवर त्यांनी एक्स्चेंजच्या भंगारातलं उथळ रॅक लावलं होतं, दाराचं. राउटर त्यातच बसवायचा होता, म्हणजे त्याची पेटी आत दोन्ही बाजूंनी स्क्रूने कसायची. त्या रुंदीच्या पेट्या बाजारात ढिगाने होत्या, पण सगळ्या मागे लांबलचक, दार लागेना. आखूड मिळाली तर तिची किंमत अख्ख्या राउटरपेक्षा जास्त. नाकापेक्षा मोती जड. मग भाऊजी खिशात मोजायची टेप घालून भंगाराची दुकानं हिंडायला लागले. घरी बोर्ड फडक्यात गुंडाळलेला.

मी चिडले. टेबलावर ठेवा आणि वर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला, म्हटलं. गप्प केलं ते ताईनेच.

"नको गं. त्यांनी जन्मात अर्धवट काम केलं नाही. होईल थोड्या दिवसांत."

ते थोडे दिवस संपेनात. उन्हाळा गेला, थंडी आली. ताईचा चहा कपाबाहेर सांडायला लागला, आणि मग तिने चहा गाळणंच सोडलं.

शेवटी पेटी मिळाली ती लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्याकडे. आवाज कमीजास्त करायचं कुठलंसं बंद पडलेलं यंत्र, रुंदी नेमकी, खोली जेमतेम वीतभर. भाऊजींनी आतलं सगळं काढून बोर्ड बसवला, मागची भोकं कानशीने घासून गुळगुळीत केली. पुढची गोल बटणं तशीच ठेवली, फिरवली तरी काही होत नाही. झाकण लागलं, रॅकचं दारही लागलं. काम देखणं झालं होतं, नाही कशाला म्हणू? पण वरातीमागून घोडं.

त्याच दुपारी लेकीला फोन लावला. टीव्हीभर नातीचा चेहरा आला. पडलेला दात, गालावरची खळी, सगळं लख्ख.

"आजी, मी दिसते का?"

"दिसतेस ना," ताई म्हणाली. "अगदी आईवर गेलीयेस."

आवाज कोपऱ्यातल्या स्पीकरमधून येत होता. ताई त्या कोपऱ्याकडे बघून हसत होती.

"तेव्हा दिसली असती तिला," भाऊजी माझ्या कानाशी पुटपुटले. इतके महिने साठवलेला राग मला शोधूनही सापडेना, नुसतं वाईट वाटत राहिलं.

ते उठून ताईच्या मागे गेले. दोन्ही हातांनी तिचा चेहरा अलगद टीव्हीवरच्या कॅमेऱ्याकडे वळवला, नातीला तरी आजी समोरून दिसावी म्हणून.