दवाखान्यामागची खोली

मनूताई गेल्याची बातमी मला वणीच्या बसच्या कंडक्टरने सांगितली. यवतमाळच्या स्टँडसमोरून भाजीची पिशवी घेऊन परतत होते. मला पाहून तो गाडीच्या पायरीवरून खाली उतरला, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "बाई, सिस्टर गेल्या. काल सकाळी." कोण सिस्टर, हे विचारायची गरज नव्हती. त्याची दोन्ही मुलं मनूताईंच्याच हातावर जन्मली होती. "काविळीचं निमित्त झालं," एवढं सांगून तो पुन्हा गाडीत चढला. सुटायची वेळ झाली होती, तरी घंटी द्यायला त्याने बराच वेळ लावला...

त्याला आता महिना होत आला. चाळिशी गाठल्यावर माणसाला नवी मैत्री जडत नाही, असं म्हणतात. मला ती चाळिशीतच जडली, आणि तीही कामाच्या निमित्ताने. आमचा मुलूख मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या वर्षी मी अमरावतीहून वणीच्या कन्याशाळेत मुख्याध्यापिका म्हणून आले. यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. गावात मला ओळखणारं कुणी नव्हतं. नोकरी करणाऱ्या एकट्या बाईला गाव मान देतं, पण घरात बोलावत नाही. शाळा सुटली की मी खोलीचं दार लावून घ्यायची आणि वह्या तपासत बसायची.

पहिल्याच उन्हाळ्यापूर्वी एक दिवस, मधल्या सुट्टीत, पांढऱ्या पातळातली एक उंच, सावळी बाई सरळ माझ्या टेबलापाशी आली. सरकारी दवाखान्यातल्या नर्स, मनोरमाबाई, म्हणजेच मनूताई. नमस्कार-चमत्कार काही नाही. म्हणाल्या, "बाई, तुमच्या सातवीच्या पोरी मले हप्त्यातून एक तास द्या."

"कशासाठी?"

"बाळंतपणासाठी एक बाई दवाखान्यात येत नाही. खाटा रिकाम्या पडून राह्यल्या. मी सांगतो तर माह्यं कोणी आयकत नाही. पण पोरीनं घरी जाऊन सांगतलं तर माय आयकते."

आमच्याकडे बायकासुद्धा 'सांगतो, जातो'च म्हणतात. मला त्यांच्या थेटपणाची गंमत वाटली. मी हसून विचारलं, "आणि त्यात माझ्या शाळेचा काय फायदा?"

त्या मुळीच हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. "तुमच्या पोरी चौथीनंतर घरी काहून बसतात, थे तुम्हाले माहीत नाही. मले माहीत हाय. मी त्यायच्या चुलीपर्यंत जातो. तुम्ही तास द्या, मी पोरी धाडतो."

असा आमचा सौदा ठरला. त्या घरोघर बाळंतिणी तपासायला जात आणि उठताना दाराशी उभ्या मुलीकडे बोट दाखवून विचारत, "हे शाळेत काहून नाही?" उत्तरं ठरलेली. धाकटं भावंड सांभाळायचं आहे, शिकून काय करायचं, शाळेत शिवण-टिपण तर शिकवत नाहीत... हे शेवटचं कारण बऱ्याच घरांतून आलं, तेव्हा मनूताई एका दुपारी मला मोमिनपुऱ्यातल्या एका घरी घेऊन गेल्या. तिथे झुबेदाबी भेटल्या. नवरा ट्रकचा मिस्त्री, राजूरच्या खाणीकडे कामाला. झुबेदाबी घरात बसून शिवणाचं मशीन चालवायच्या. हात असा की झबल्याची शिवण उलटून पाहावी. पण बाहेर जायची सवय नाही, म्हणून गिऱ्हाईक दोन गल्ल्यांपलीकडे जात नव्हतं. त्यांना काम हवं होतं, मला शिवण शिकवणारी बाई हवी होती आणि मनूताईंना नवजात बाळांना गुंडाळायला मऊ कापडाचे तुकडे हवे होते. झुबेदाबी शाळेत यायला लागल्या. शिवण शिकवतात म्हटल्यावर मुली टिकायला लागल्या. वर्गात उरलेल्या चिंध्यांची दुपटी होऊन दवाखान्यात जायला लागली.

त्यातून रविवार सुरू झाले. दवाखान्यामागे मनूताईंची एक खोली होती, पुढे पत्र्याचा व्हरांडा, कडेला कडुनिंब. दुपारी आम्ही तिघी तिथे जमायचो. मनूताई स्टोव्हवर चहा ठेवायच्या आणि पाठमोऱ्याच विचारायच्या, "बोला, कोणाचं काय अडलं?" मग जिचं अडलं तिने सांगायचं आणि बाकीच्या दोघींनी कुणाला ओळखतो ते आठवायचं. शाळेचं छप्पर गळतं, तर झुबेदाबींच्या नवऱ्याला पत्रे ठोकणारा माहीत असायचा. दवाखान्यात पाणी उकळायला मोठं भांडं नाही, तर माझ्या एका विद्यार्थिनीचा बाप तांबट निघायचा. एकदा मी संकोचाने म्हटलं, दर वेळी लोकांना सांगणं बरं दिसत नाही. मनूताई उसळल्याच. "ओळखी का सोन्यावानी पेटीत ठेवाच्या हायेत? वापरा ना! उद्या थो आपल्याले काम सांगन, आपण करू." सकाळी ज्या माणसाकडून काम करून घेतलं, त्याच्या सासूचा पाय संध्याकाळी जाऊन बांधून येणारी बाई होती ती.

मग ते प्रकरण झालं. गावातल्या एका मोठ्या घरची सून बाळंतपणात गेली. मूल वाचलं. त्या घराचं नाव इथे नको. घरच्यांनी ठपका ठेवला मनूताईंवर, नर्सने हयगय केली म्हणून. वर अर्ज गेले, चौकशीला साहेब येणार असं ठरलं. त्या घरातले एक गृहस्थ आमच्या शाळासमितीवर होते. त्यांनी मला बोलावून गोडीने सांगितलं, "बाई, तुम्ही परगावच्या. यात पडू नका." मी म्हटलं, "मी गेलं वर्षभर त्यांचं काम पाहिलंय. विचारलं तर सांगणार." नोकरी गेली तर जायला दुसरं घर नव्हतं.

चौकशीच्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात माणसांची दाटी. मी मला ठाऊक होतं ते सांगितलं. पण मी सांगून काय होणार? मी काही त्या घरात नव्हते. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि बुरख्यातल्या झुबेदाबी पुढे आल्या. परक्या पुरुषांसमोर त्या कधी तोंडातून शब्द काढत नसत. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "साहेब, मैं उस रोज वहीच थी. पाळण्याच्या झोळीचं कापड मापून राह्यली होती. सिस्टरनं हात जोडले. म्हणली, सुनेले दवाखान्यात न्या, लक्षण ठीक नाही. सासू म्हणली, आमच्या घरच्या बाया बाहेर नाही जात. दुसरे दिन बुलाया, तब तक क्या बचा था?"

मनूताई खाली मान घालून उभ्या होत्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं, एकदाच.

चौकशीत त्यांचा दोष निघाला नाही, तरी बदली झालीच, मुकुटबनला. मोठ्या घराने झुबेदाबींकडे शिवण टाकणं बंद केलं, त्यांच्या नात्यागोत्यातल्यांनीही केलं. निघायच्या दिवशी मनूताई सामान बांधायचं सोडून त्यांच्यावरच चिडल्या. "तू काहून आली मधात? तुह्यं चांगलं चालून राह्यलं होतं."

झुबेदाबी ट्रंकेवर बसून होत्या. म्हणाल्या, "वो घर का काम गया तो गया. तू गई तो इतवार को मेरे को कौन पूछेगा?"

मुकुटबनला धाडलं म्हणजे बाई संपली, असं धाडणाऱ्यांना वाटलं असेल. मनूताई तिथेही चुलीपर्यंत पोचल्या. जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर त्यांचं जाणं-येणं झालं, आणि वर्षभरातच एका रविवारी त्या दोन मुलींना घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. तांड्यातल्या चौथी झालेल्या पहिल्याच मुली. पुढे शिकायचं म्हणत होत्या. मुलींचा आजा, तांड्याचा नाईक, बरोबर आला होता, हातात काठी, चेहऱ्यावर संशय. "ठेवता कुठं आमच्या पोरी?" त्याने विचारलं. माझी खोली एवढीशी. मी काही बोलायच्या आत माझ्याकडे आलेल्या झुबेदाबी म्हणाल्या, "मेरे घर." म्हाताऱ्याने काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "चूल येगळी मांडू द्याल का?" "मांडो ना. अंगण बडा है." त्या मुलींनी झुबेदाबींच्या अंगणात आपली चूल मांडली. पण थंडीत ती चूल विझली आणि पुन्हा पेटलीच नाही. संक्रांतीच्या सुमाराला मी गेले, तर दोघी झुबेदाबींना 'याडी' म्हणून हाक मारत होत्या. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. त्यातली थोरली आज राजूरच्या शाळेत शिकवते.

पुढे मनूताई वणीला परत आल्या, त्याच खोलीत. मोठ्या घरची पुढची बाळंतपणं दवाखान्यातच झाली, आणि त्यांनीच केली. त्याबद्दल त्या कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. माझी यवतमाळला बदली झाल्यावर माझे रविवार मात्र सुटले... महिन्यातून एखादा साधायचा, मग तोही साधेना.

बातमी कळल्यावर दुसऱ्या दिवशीच्या गाडीने मी वणीला गेले. झुबेदाबी मनूताईंच्या खोलीत सतरंजीवर बसल्या होत्या. मी स्टोव्ह पेटवला, चहा केला, तो तसाच निवत राहिला. मनूताईंचं पातळ दोरीवर वाळत होतं, ते काढायला दोघींपैकी कुणाचाच हात उठेना. थोड्या वेळाने व्हरांड्यात पावलं वाजली. पंचविशीची एक परकी मुलगी उंबऱ्याबाहेर उभी होती, भंडाऱ्याकडची. मनूताई आजारी पडल्यावर त्यांच्या जागी आलेली नर्स. आम्हांला पाहून संकोचली. "मी मागून येते," म्हणाली, "खोली पाहायला सांगितली होती. पण घाई नाही."

झुबेदाबींनी तिला हाताला धरून आत घेतलं, समोर बसवलं. काम कसं चाललंय विचारल्यावर ती पोर आधी बरं म्हणाली, आणि मग एकदम तिचे डोळे भरले. गावात कुणी ओळखीचं नाही, बायका तिला पाहून दारं लावून घेतात...

झुबेदाबी उठल्या. डोळे पुसले, बुरखा अंगावर घेतला. "चल बेटी," म्हणाल्या. "हेडबाई, आप बैठो." मी उठू लागले तर त्यांनी खांद्यावर हात ठेवून मला बसवलं.

दोघी गल्लीच्या तोंडाशी गेल्या. मी त्या खोलीत एकटी बसून होते. कडुनिंबापलीकडून एक कडी वाजल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आला, आणि मग झुबेदाबींचा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा: "अगं बाहेर तर ये, ही आपली नवी सिस्टर!"