आवडाबाई ताक घेऊन जायची

आमच्या गावात एके काळी अशी कुजबुज होती, की कस्तुराबाई धनगरणीनं तात्यासाहेबांच्या थोरल्या सुनेवर भानामती केली. पुरावेही होते. परसातल्या दांडीवरच्या लुगड्यांना आपोआप जळकी भोकं पडत होती, आणि सून, म्हणजे आवडाबाई, रोज दुपारी घर सोडून मेंढरांच्या तळावर जाऊन बसत होती. ही बातमी करमाडच्या बाजारात मीच पोचवली. पोचवताना चार भोकं वाढवली, खोटं कशाला बोलू?

पोलीस ॲक्शन होऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली असतील. सुगी उरकली की मल्हारी धनगर दोनशे मेंढरं घेऊन यायचा आणि तात्यासाहेबांच्या रानात बसवायचा. रानाला लेंडीखत मिळायचं. बदल्यात मल्हारीला जोंधळे आणि रोज दुपारी ताक. ताक पोचवायला थोरली सून. हे काम काही मानाचं नव्हतं. मूल होईना म्हणून तिच्या नवऱ्यानं, बद्रीनाथनं, द्वारकाबाईला करून आणलं. तिला लागोपाठ दोन मुलगे झाले. तेव्हापासून आवडाबाई म्हणजे घरातलं एक जुनं तपेलं. लागलं की काढायचं, घासून पालथं घालायचं.

मल्हारीची बायको कस्तुराबाई तोंडानं लई तिखट. पहिल्याच दिवशी म्हणाली,

“ठिवा ताक अन् बसा की बाई. उभ्या काय ऱ्हायल्या, पहाऱ्यावर हाय व्हय?”

आवडाबाई टेकली. शेजारी एक जाडजूड एडका मान ताठ करून उभा होता.

“ह्याचं नाव काय?”

“कुणाला सांगू नका. तात्यासाहेब.”

“अगं बया!”

“मग वो! कामाचं काय नाय, नुसतं सगळ्यांच्या म्होरं चालायचं.”

आवडाबाई हसली. तिचं हसू गावानं त्याआधी ऐकलेलंच नव्हतं. शेजारच्या रानात तूर बडवणाऱ्या बाया कोण हसतंय ते बघायला आल्या आणि त्याही बसल्या.

तोवर गावात धनगराच्या बाईला ओट्याच्या वर कुणी घेत नसे. फिरस्ती माणसं, काय उचलून नेतील नेम नाही, असं सगळ्यांचं मत. पण तिसऱ्या वर्षी संक्रांतीला आवडाबाईनं तळावर जाऊन कस्तुराबाईला हळदीकुंकू लावलं, वाण दिलं. मग आणखी पाच-सहा घरांतून वाण गेलं. कस्तुराबाईनं कुणाची अडलेली शेळी सोडवली, कुणाच्या लेकराचं दुखरं पोट चोळून दिलं. एकदा तर ती साळूबाईच्या चुलीपुढं बसून भाकरी थापताना दिसली. थापत होती साळूबाईपेक्षा गोल, तेही लोकांनी बोलून घेतलं.

आणि मग भोकं पडायला लागली.

आता भोकांचं सांगतो. बद्रीनाथ बिडी ओढायचा. दोन पोरांचा बाप, पण तात्यासाहेबांपुढं बिडी काढायची छाती नव्हती, म्हणून दांडीवरच्या लुगड्यांच्या आड उभा राहून ओढायचा. वारा आला की लुगडं बिडीवर, नाहीतर बिडी लुगड्यावर. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. एकट्या तात्यासाहेबांना नव्हतं, आणि त्यांना सांगणार कोण? मुलगा बिडी ओढतच नाही म्हटल्यावर त्या घरात भानामतीच व्हायची.

सासूनं, लक्ष्मीबाईनं, थेट कस्तुराबाईचं नाव घेतलं. चावडीत माणसं जमली. बाया भिंतीआड. तात्यासाहेबांनी तळ उठवायला सांगितला.

मल्हारी हात जोडून म्हणाला, “मालक, म्होरल्या गावात रानं दुसऱ्यांच्या मेंढरांनी भरली. आता ही मेंढरं कुठं न्यू? अन् आमच्या बाईला भानामती आली असती तर तिनं आदी माझंच तोंड बंद केलं असतं.”

कुणी हसलं नाही. बद्रीनाथ खाली मान घालून बसला होता. त्याच्या खिशातलं बंडल मीच सकाळी आणून दिलेलं. मीही खाली मान घातली.

तेवढ्यात आवडाबाई भिंतीआडून पुढं आली. पदर नाकापर्यंत, आवाज मात्र स्वच्छ.

“भानामती नाय. ती भोकं बिडीची हायेत. ह्यांना इचारा. तळ उठवू नका.”

तात्यासाहेबांनी मुलाकडं बघितलं. “बद्री, बिडी वढतो?”

“नाय, तात्या.”

लक्ष्मीबाईनं टाहो फोडला, “बघा वो! सासऱ्यापुढं कधी तोंड उघडलं नव्हतं हिनं! ही बोलती, का हिच्या अंगातली ती बोलती?”

झालं. सून चावडीत सासऱ्यापुढं बोलली, याहून मोठा पुरावा कुठला? ज्यांनी वाण दिलं होतं त्या बाया पदर सावरून आपापल्या घरी गेल्या. साळूबाई सगळ्यांच्या आधी.

त्याच दुपारी तळ उठला. मल्हारीनं पुन्हा आमच्या शिवारात मेंढरं घातली नाहीत. आवडाबाईला अंगणाच्या पुढं जाऊ दिलं नाही. ती आणखी सात वर्षं जगली. चावडीनंतर तिचा आवाज कुणी ऐकला असेल तर मला माहीत नाही, आणि माझ्या कानातून सहसा काही सुटत नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी शहरात, शहागंजच्या बाजारात कस्तुराबाई घोंगड्या विकताना दिसली. मला ओळखून तिनं आधी विचारलं, “आवडाबाई कशी हाय?”

“गेली.”

तिनं समोरची घोंगडी घडी केली, मोडली, परत घडी केली. माझी खोड जात नाही, मी विचारलं, “ती रोज येऊन तुला सांगायची तरी काय?”

“काय सांगनार? कालवनात मीठ जास्त पडलं. कोंबडी खुडूक बसली. आसलंच.”

भानामती नव्हती. सवत आल्यापासून त्या घरात आवडाबाईशी कामापलीकडं कुणी बोलत नव्हतं. कस्तुराबाई बोलायची, म्हणून ती तिथं जायची.